कढईत भाजलेली माती

पावशेर माती मला किती महाग पडली ते आधी सांगतो. पाटोदा ते बीड एसटीच्या तीन फेऱ्या, ऐन कामाच्या दिवसांत तीनदा बंद ठेवलेली मिल, आणि बायकोचा आठवडाभराचा अबोला. माती आमच्याच मिलच्या मागची... फुकटची!

माझी पाटोद्याजवळ कोंबडीखाद्याची छोटी मिल आहे. मका, सोयापेंड, कोंडा दळून त्यात थोडी पाचक पावडर मिसळायची. हमाली करत करत इथवर आलोय, म्हणून जरा टेचात असतो. मका ओला असला तर ग्राइंडरच्या आवाजावरून ओळखतो, पोत्यात हात घालावा लागत नाही. दारावर पाटी आहे, मीच रंगवलेली... ‘आमच्या खाद्यात बुरशीचं नावसुद्धा सापडणार नाही!’

तर गेल्या महिन्यात शाहीन मिलवर आली. माझा ग्राइंडर दुरुस्त करणाऱ्या रफिकभाईंची ही मुलगी, बीडला मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करते. म्हणाली, “चाचा, मिलच्या मागं कोंडा सडतो ना, त्याच्या खालची माती पाहिजे. प्रोजेक्टला.”

“अगं, शेतातली चांगली काळी माती देतो की. ही घाण काहून नेतीस?”

“घाणच पाहिजे, चाचा. सोमवारी बीडला येताल ना, तवा आणा.” एवढं बोलून पोरगी बस पकडायला पळाली.

मी खुरप्यानं माती काढली, पिशवीत भरली, घरी नेऊन ठेवली. शाहीनच्या कॉलेजला द्यायचीय, एवढंच बायकोला सांगितलं. संध्याकाळी स्वयंपाकघरातून कढईत उलथनं फिरल्याचा खरखर आवाज आला. माझे कान लई तिखट... म्हटलं, आज शिरा दिसतोय! ताटात पिठलं आलं, तरी मला शंका आली नाही.

सोमवारी माझ्या नेहमीच्या खरेदीच्या फेरीत पिशवी बीडला पोचवली. आठवड्यानं रफिकभाईंचा फोन. पोरगी जेवंना झालीय, म्हणाले. मी थेट तिच्या कॉलेजात गेलो.

लॅबच्या दाराबाहेर चपला काढतोय तोच आतून तिचा आवाज कानावर आला. मैत्रिणीला सांगत होती... सगळ्यांच्या मातीतून प्लेटमध्ये काही ना काही बुरशी उगवली, हिच्याच प्लेट कोऱ्या. सरांनी शेवटचे आठ दिवस दिलेत. नाहीतर प्रोजेक्ट गेला, म्हणजे वर्ष गेलं.

आत गेलो तर तिनं गोल झाकणाच्या दहा प्लेट ओळीनं मांडल्या. एकीतही ठिपका नाही. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, “चाचा, ही माती मेलेली हाय. कुणी भाजली-बिजली का?”

खरखर... कढई... उलथनं! तिथंच बायकोला फोन लावला. घाईत स्पीकर सुरू राहिला.

“भाजली की!” ती ठणकावून म्हणाली. “किडे वळवळत होते तिच्यात. लेकराच्या परीक्षेला तसली माती देत्यात व्हय? आपण रवा न्हाई का भाजून ठेवत!”

अख्खी लॅब हसली. शाहीनसुद्धा डोळे पुसत हसली. मी मात्र चारचौघांत बायकोवर ओरडलो... तो आठवड्याचा अबोला तिथून सुरू झाला, आणि चूक माझीच होती. माती कशाला हवी, हे मी तरी कुठं विचारलं होतं?

त्याच दिवशी परत आलो. पुन्हा माती काढली. पिशवी घरी नेलीच नाही, मिलमध्येच खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तिच्या हातात दिली.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला, “चाचा, बघायला या!” गेलो. प्लेट दुधासारखी पांढरी, त्यावर काळसर बुरशीचे ठिपके. आणि एका ठिपक्याभोवती काचेसारखं नितळ कडं.

तिनं समजावलं. कोंड्यातला जो फॉस्फरस कोंबडीला पचत नाही, तोच त्या पांढऱ्या थरात घातलेला. बुरशी एन्झाइम सोडते, ते जिथवर पोचतं तिथवरचा थर फुटून नितळ होतो.

माझ्यातला व्यापारी जागा झाला. म्हटलं, “पोरी, हे एन्झाइम खाद्यात घातलं तर?”

ती म्हणाली, “चाचा, तुमी वर्षानुवर्षं घालताय की! ती पाचक पावडर... ती असल्याच मातीतल्या बुरशीपासून काढत्यात.”

ती पावडर मी कुलपात ठेवतो! विक्रेत्यानं ‘विलायती’ म्हणून दिलेली, मी पुढं तसंच सांगत आलेलो. ‘माझ्या खाद्यात बुरशी कशी असंल?’ म्हणून वाद घालून पाहिला. ती म्हणाली, सगळ्या बुरशा सारख्या नसतात. सडका मका तो सडकाच, तो कोंबडीला घालायचा नाही. पण ही कामाची, आणि पावडरीत बुरशी नाही, तिनं केलेलं एन्झाइम असतं.

शाहीनचा प्रोजेक्ट सरांनी मंजूर केला, वर्ष वाचलं. रफिकभाईंनी पेढे आणले. पहिला मी बायकोच्या हातावर ठेवला, माफी मागितली... तेव्हा कुठं ती बोलली. पोरीचे उपकार मानावेत तेवढे थोडेच, या वयात मला माझंच दुकान शिकवलं.

काल चष्मा लावून पावडरीचा डबा उलटा केला. तळाशी, बारीक अक्षरात, बुरशीचं नाव छापलेलं आहे.