देठ दाखवणारे सर

"फूल समद्यालाच दिसतंय. देठ पाहा, देठ!" असं म्हणत आमचे जीवशास्त्राचे सर कापडी पिशवीतून फुलकोबी काढायचे आणि वर्गापुढे उलटी धरायचे. लातूरच्या एका खाजगी क्लासमध्ये आम्ही सोबत शिकवत होतो. मी रसायनशास्त्र शिकवायचो आणि उरलेल्या वेळात लोकांना नावं ठेवायचो.

सर हदगावकडचे. डॉक्टर व्हायचं म्हणून खेड्यापाड्यांतून आलेली पोरं 'सेरेबेलर पेडंकल' हा शब्द नुसता घोकायची. सर कोबीचा एक तुरा मोडून हातात घ्यायचे. "पेडंकल म्हणजे देठ. हा लहान मेंदू. मेंदूच्या खोडाला हा कशानं धरून हाय? दोन्ही बाजूंनी तीन-तीन देठ. वरचा, मधला, खालचा. मधला लई जाड. समदे निरोप इथूनच येऊन-जाऊन राहिलेत. देठ तुटला तर फूल कितीबी टवटवीत असू द्या, काय कामाचं?"

मागच्या बाकावर किनवटच्या आश्रमशाळेतून आलेली एक मुलगी बसायची. वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. त्या दिवशी ती आपणहून उठली आणि कोणता देठ कुठे जोडलेला असतो ते फळ्यावर काढून मोकळी झाली. मी दारात उभा होतो, हे सगळं पाहत होतो.

आणि मला सुचलं काय, तर 'भाजीवाले सर'. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आठवड्याभरात ते नाव सगळीकडे झालं. सर मात्र हसून म्हणाले, "नाव झकास ठेवलं बरं का. आमचे वडील बाजारात गोबीच विकायचे."

तुमच्याही आसपास माझ्यासारखा एखादा विनोदी माणूस असेल. त्याच्या विनोदावर जरा बेतानंच हसा.

नाव पालकांच्या कानावर गेलं. "पोराला डॉक्टर करायला पाठवलं, का भाजी निवडायला?" असं एकानं क्लासच्या चालकांना सुनावलं. चालकांनी बैठकीत, सरांच्या समोरच, मला विचारलं, "तुम्हीच सांगा. पोरांना कळतं का यांचं?"

त्या मुलीचं एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणालो, "कोबी ताजी असते, एवढी खात्री मी देतो." सगळे हसले. सरही हसले. पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकात त्यांचं नाव नव्हतं.

जायच्या दिवशी त्यांनी पिशवीतली फुलकोबी माझ्या टेबलावर ठेवली. "आता वर्ग न्हाई. वहिनीला द्या, भाजी करतील." एरवी ज्या तोंडाला उसंत नसायची, त्याच तोंडानं मी रात्री ती भाजी खाल्ली.

यंदा ती किनवटची मुलगी पेढे घेऊन आली. नांदेडला डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. "देठवाले सर कुठं हायत? मेंदू पहिल्यांदा हातात घेतला तवा मी आधी देठच मोजले." मी म्हणालो, "दे, मी पोचवतो." मला निमित्त हवंच होतं.

हदगावच्या बसमध्ये माफीचं वाक्य तीनदा जुळवलं, तीनदा मोडलं. दार सरांच्या बायकोनं उघडलं. आत भिंतीवर सरांच्या फोटोला हार होता. पोळ्याच्या आधीच गेले, असं त्या म्हणाल्या. मी कसंबसं सांगितलं, की मी लातूरला त्यांच्यासोबत होतो, रसायन शिकवायचो.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तुम्हीच का ते! लई हसवतेत म्हणायचे. ते ताज्या गोबीचं तर किती येळा सांगायचे, अन् आपले आपणच हसायचे." त्यांनी पदरानं खुर्ची पुसली. "बसा. ते गेल्यापासून या घरात कुणी हसलं न्हाई. अजून काय काय बोलायचे तुम्ही, सांगा की."

मी पेढ्यांचा डबा मांडीवर तसाच धरून बसून राहिलो.