डोंगरकड्याला पाळणा पोचवताना

बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक परवा सासरी निघाली. औंढ्याहून डोंगरकड्यापर्यंत मी सोबत गेले. एवढ्या लांब माझं जाणं होत नाही, म्हणून पाहिलं तसं लिहून ठेवते.

जावईबापूंच्या गाडीला मागे हुकावर लोखंडी जाळी जोडलेली आहे, सामानासाठी. तिच्यावर सागवानी पाळणा बांधला. रिकामा पाळणा दारातून काढत नाहीत, म्हणून मी त्यात पाटा-वरवंटा आणि गव्हाचं पोतं ठेवून वर चादर घातली. लेकीचं पहिलं लेकरू जगलं नाही. या वेळी मला कुठेच कसूर नको होती.

नागनाथाच्या कळसाला गाडीतूनच हात जोडले. गाव सुटलं आणि पहिल्याच ब्रेकरवर मागे जाळी रस्त्याला खर्रकन घासली. पुढे दर ब्रेकरला तेच. शेताशेतात उकडलेली हळद वाळत होती, वास गाडीत भरला होता. माझा जीव मात्र मागे. जाळी तुटली तर पाळणा रस्त्यावर. जावईबापू उतरत, वाकून बघत, परत बसत.

हिंगोलीत वेल्डिंगच्या दुकानापाशी थांबलो. तिथल्या चाचांनी पाळणा उतरवून हुकाचा दांडा उलटा बसवला, तशी जाळी चार बोटं वर आली. पाळणा ठेवला की पुन्हा खाली. त्यांनी चादर उचलून पाहिलं.

"लेकराला घेऊन चालले का गिरणीला?"

लेकही हसली. जावईबापू पोतं काढायला आले, तर मी पाळण्याची कड धरून ठेवली. त्यांच्यासमोर मी कधी बोलत नाही.

"आई, काहून अडवून राहिलीस?" लेकीने खिडकीतून विचारलं.

"रिकामा न्हाई न्यायचा," मी म्हणाले. "या बारीला न्हाई."

चाचांनी पाना खाली ठेवला.

"रिकामा नका नेऊ, ताई. पण लेकराच्या पाळण्यात लेकराचं कायतरी ठेवा. गव्हाचं काय काम?"

लेकीने बाळाची कुंची (डोक्यावरून पाठीवर येणारं तान्ह्याचं टोपडं) काढून दिली आणि बाळाला पदराखाली घेतलं. जावईबापूंनी कुंचीची घडी घालून पाळण्यात ठेवली. दोरी माझ्या हातात दिली.

"मामी, भ्या मला बी वाटतं," ते हळूच म्हणाले. "गाठ तुमी मारा."

मी गाठ मारली, तिच्यावर आणखी एक मारली.

गहू आणि पाटा-वरवंटा गाडीत माझ्यापुढे आले. पाट्याला पाय लागू नये म्हणून मी मांडी घालूनच बसले. कळमनुरीच्या पुढे लिंबाखाली बेसन-भाकरी खाल्ली, तेव्हा पाय मोकळे झाले. जावईबापू आता ब्रेकर आला की गाडी तिरपी घेत, एकेक चाक हळू चढवत. मागे आवाज नाही.

डोंगरकड्याच्या केळीच्या बागा दिसल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. विहीणबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला, पाळणा टांगून घेतला आणि बाळाला त्यात निजवलं.

दुसऱ्या दिवशी एसटीने एकटी परतले. जावयासमोर बोलले म्हणून लाज वाटेल असं वाटलं होतं, ती वाटली नाही. इतके महिने ती धास्ती मी एकटीच जपतेय असं समजत होते. आता लेक ज्या घरी आहे, तिथेही कुणीतरी माझ्यासारखंच रात्री बाळाचा श्वास ऐकायला उठत असणार. औंढा येईपर्यंत मला गाढ झोप लागली.