बावीस क्विंटलची कडी

माझ्या सासऱ्यांची कवळी वानरानं पळवली, ती नेमकी सभेच्या दिवशी सकाळी. कापसाच्या भावासाठी दुपारी मारेगावला सभा होती आणि जन्मात पहिल्यांदा सासऱ्यांच्या हाती माईक येणार होता. आठवडाभर ते गोठ्यात बैलांसमोर भाषण करत होते. दातांशिवाय मात्र त्यांच्या तोंडून नुसता वारा निघायचा.

वानरानं कवळी चावून पाहिली, अंगणातल्या चिंचेच्या बेचक्यात ठेवली आणि ते शेजारच्या फांदीवर जाऊन बसलं.

मी पुण्यात नोकरीला होतो आणि रविवारी डोंगरांचे कडे चढायचो, त्यामुळे दोर आणि तो अडकवायच्या कड्या गाडीत होत्याच. माझा साळा विजेच्या तारांवरच्या फांद्या छाटायचा. त्याच्याकडे झाडावर चढायचं सामान होतं. आम्ही दोघांनी आपापलं दुकान अंगणात मांडलं. माझ्या कडीवर बावीस किलोन्यूटन लिहिलेलं, त्याच्या कडीवर चोवीस. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण एक क्विंटल, एवढं मी सांगून बसलो. आमच्याकडे क्विंटल म्हटलं की कापूसच दिसतो.

"मंग तं हे कडी दोन बैलबंड्या कापूस पेलते, जवाईबापू!" सासरे बोळक्या तोंडानं म्हणाले; घरच्यांना त्यांचं तसलं बोलणंही कळायचं.

"माही दोन क्विंटल जास्त पेलते," साळा म्हणाला. "अन् आकड्याचं सोडा, भाऊजी. तुमचा दोर पडणाऱ्याले झटका बसू नाही म्हणून ताणते. माहा ताणत नाही. झाडावर लटकून काम करा लागते."

खरं होतं ते. पण सासूबाईंनी त्यालाच दटावलं, "जवायाचा मान ठेवशीन का नाही?" मग तो मान घेऊन मी चढलो. माझाच दोर वरच्या फांदीवरून टाकला, त्याचं एक टोक कडीनं माझ्या कमरेला अडकवलं आणि दुसरं खाली साळ्यानं धरलं.

बेचक्याशी पोचलो, हात लांबवला आणि पाय सटकला. कडीनं झेललं, दोरानंही झेललं, आणि ताणत ताणत मला कवळीच्या दोन हात खाली आणून सोडलं. साळा ओढायचा, मी वर जायचो, हात पुढे केला की पुन्हा खाली. बावीस क्विंटलच्या सामानाला पाऊण क्विंटलचा जावई लोंबकळत होता, आणि वानर माझ्याकडे फार गंभीरपणे बघत होतं. मला त्याचा मनापासून राग आला.

त्या वर्षी कापूस घराघरांत पडून होता आणि माणसांना काम नव्हतं, म्हणून बघायला अख्खं गाव जमलं. एवढी माणसं पाहून सासऱ्यांना राहवेना. ते चिंचेच्या पारावर चढले आणि दातांशिवायच सुरू झाले. शब्द एकही धड उमटत नव्हता, पण त्यांना काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळत होतं. त्यांचं वाक्य अडलं की गर्दीतलं कुणीतरी ते पूर्ण करायचं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

ऐकण्याच्या नादात साळ्यानं मला हळूहळू जमिनीवर सोडलं. माझ्या मानाची आठवण तेव्हा कुणालाच नव्हती. तो आपल्या दोरानं वर गेला आणि कवळी घेऊन आला.

मारेगावला सासरे दातांसकट बोलले. माईकवर शब्द न् शब्द खणखणीत वाजला. व्यासपीठावरचे पुढारी आपसात बोलत होते, कुणी पान लावत होतं, आणि दोन मिनिटांत सासऱ्यांना "आवरा" म्हणून चिठ्ठी आली.

परतताना गाडीत त्यांनी कवळी काढून खिशात ठेवली.

"सकायी लोकं आयकून तं राह्यले होते," ते म्हणाले.