खळ्याच्या कडेला काढलेले जोडे

टेनिस म्हटलं की लोकांना हिरवळ, पांढरे कपडे आणि सरबत आठवतं. मला शेणाचा वास आठवतो. मी टेनिस शिकले ती माहेरी, उंद्रीला, आमच्या शेणानं सारवलेल्या खळ्यावर. शिकवणारा जर्मनीचा माणूस एके काळी पैसे घेऊन टेनिस खेळायचा, हे सांगितलं की आमचे जावईबापू आजही गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे.

दुष्काळाचं वर्ष होतं. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. विहिरींचे तळ उघडे पडले होते, म्हणून गावात बोअर पाडायचं यंत्र आलं आणि त्यासोबत हा लंगडत चालणारा गोरा. गाव त्याला बोअरवाला साहेब म्हणे. संध्याकाळी यंत्र थांबलं की तो शाळेच्या भिंतीवर रॅकेटनं चेंडू मारत राहायचा. एकदा मी धुणं न धुताच विहिरीवरून परतत होते. त्याचा चेंडू माझ्याकडे आला आणि मी तो हातातल्या धुणं बडवायच्या मोगरीनं परत टोलवला. दुसऱ्या दिवशी साहेब दोन जुन्या रॅकेटी घेऊन बाबांपुढे उभा.

"खेळा ना बावा," बाबा म्हणाले. "यंदा खळ्यावर दाणाच नाही. पण जोडा घालून नाही चालत. तिथं लक्ष्मी उतरते."

साहेबानं मुकाट्यानं बूट काढले. त्याचे पाय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. बोटं वाकलेली, नखं काळी पडलेली आणि उजवा गुडघा केव्हाचा कामातून गेलेला.

खळ्याच्या मधल्या मेढीपासून, म्हणजे मळणीचे बैल बांधायच्या खांबापासून, कडेच्या बाभळीपर्यंत दोर बांधून त्यावर गोणपाट टाकलं, झालं आमचं नेट. जागा खऱ्या मैदानाच्या निम्मीही नव्हती. पण सारवलेल्या जमिनीवर चेंडू असा नेमका उसळायचा की साहेब खूश. त्यानं माझ्यासाठी अकोल्याहून पांढरे कॅनव्हासचे जोडे मागवले. ते मी रोज घरून हातात घेऊन जायची, खळ्याच्या कडेला ठेवायची आणि खेळ संपला की तसेच कोरे घरी आणायची. माझी टाच, माझे अंगठे ती जमीन ओळखू लागले होते.

एकदा मी त्याला विचारलं, तुम्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या का? तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "पैसा लिया, दरवाजा बंद." तेव्हा पैसे घेऊन खेळणाऱ्याला मोठ्या स्पर्धांत उभंच करत नसत. महायुद्धानंतर घरात खायला नव्हतं, म्हणून त्यानं एका फिरत्या मंडळीशी करार केला. मग आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखा आज या गावी, उद्या त्या गावी, त्याच त्या चार माणसांशी खेळत राहिला. पुढे तो नियम गेला, पण तोवर गुडघाही गेला होता. कुठल्याच ढालीवर त्याचं नाव नव्हतं. मग यंत्राच्या कारखान्यात नोकरी, आणि तिथून थेट आमचा दुष्काळ.

त्यानंच नागपूरच्या निवड चाचणीचं काढलं. निवडलेल्या मुलींना तिथंच ठेवून घेणार होते, शिक्षण आणि खेळ दोन्ही. घरी माझ्या लग्नाचं चाललं होतं. बाबा म्हणाले, "निवड झाली तं शीक. नाही झाली तं पाव्हणे येऊन राह्यले, मंग मुकाट्यानं हो म्हणजो."

मी हो म्हटलं. हरेन असं मनातही आलं नाही.

साहेबाबरोबर नागपूरला गेले, तर मैदानाच्या दारातच माणूस उभा होता. जोड्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मी अनवाणी खेळते म्हटलं, तर तो म्हणाला, नियम आहे. मग ते कोरे जोडे पहिल्यांदाच पायात चढवले. त्यात मला जमीनच लागेना. वळायला गेले की पाय मागे राहायचा. थोड्याच वेळात टाचा सोलून निघाल्या. समोरची मुलगी माझ्यापेक्षा चांगली नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण जिंकली तीच.

साहेब तो निकामी गुडघा टेकून माझ्यापुढे बसला. त्यानं माझ्या नाड्या सोडल्या. मोजे रक्तानं चिकटले होते. "तुम्हारे पिता का जमीन, उनका नियम," तो म्हणाला. "मैं मेहमान. दूसरा जमीन मैंने सोचा नहीं." आणि तो रडला. मी रडले नाही. मला बाबांचा राग आला होता. अजूनही येतो.

महिन्याभरात यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, साहेबही गेला.

पुढल्या वर्षी पाऊसपाणी झालं, ज्वारी उभी राहिली. माझ्या लग्नाची सुपारी फुटली होती. खळं सारवायच्या आदल्या संध्याकाळी बाबा कोनाड्यातून ते जोडे घेऊन आले. टाचांशी रक्ताचे डाग तसेच होते. ते माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "घाल माय. जोडा घालूनच ये खळ्यावर. जराशी खेळ."

मी म्हटलं, "कोनासंगं खेळू, बाबा?"

बाबा जोडे उचलून खळ्याकडे गेले, आणि त्यांनी ते मेढीपाशी, अगदी मधोमध नेऊन ठेवले.