तीनशे पन्नास वजा बत्तीस

किस्से हे ओव्हनच्या तळाशी साठणाऱ्या चुऱ्यासारखे असतात. रोज थोडा पडतो, कुणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस ट्रे ओढला की हा ढीग! त्यात मला सगळं टिपून ठेवायची सवय. त्यामुळे आमच्या मंडळींचे किस्से माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

आमचं सरकारी क्वार्टर दिल्लीत, आर. के. पुरमला. बाजारात नव्यानव्या वस्तू यायला लागल्या त्या दिवसांत बायकोनं, नलिनीनं, छोटा इलेक्ट्रिक ओव्हन घेतला. केकची कृती तिच्या बहिणीनं अमेरिकेहून पाठवली होती: '३५० वर पाऊण तास.' आमच्या ओव्हनचा आकडा २५० ला संपत होता.

नलिनीनं विचार केला आणि म्हणाली, "अडीचशेवर ठेवते. उरलेले शंभर वेळ वाढवून भरून काढू."

केक बाहेर आला तो कोळसा होऊन. सुरी घातली तर आतून पीठ वाहायला लागलं. आमचे चिरंजीव शांतपणे म्हणाले, "आई, चमचा दे. आत खीर आहे!"

*

मग मी सगळ्यांना समजावलं. अमेरिकेतला आकडा फॅरनहाइटचा, आपला सेल्सिअसचा. बत्तीस वजा करा, पाचानं गुणा, नवानं भागा. तीनशे पन्नासचे होतात साधारण पावणेदोनशे. त्या दिवसापासून माझं नावच पडलं, 'वजा बत्तीस भावोजी'!

*

दर्यागंजच्या फुटपाथवरून नलिनीनं एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात ना फॅरनहाइट, ना सेल्सिअस. लिहिलं होतं, 'गॅस मार्क चार'.

"अहो, आपल्या शेगडीला दोनच बर्नर आहेत! दोन शेजारून आणू का?"

ते विलायती गॅस-ओव्हनच्या बटणावरचे आकडे असतात, चार म्हणजे आपले एकशेऐंशी, हे मला शोधून काढायला आठवडा लागला.

*

इथवर सगळी गंमत होती. बिघडलेला केक दुधात कुस्करून संपवायचो. पण फरीदाबादला नलिनीची मैत्रीण सुषमावहिनी राहायच्या. त्यांच्या यजमानांचा, वसंतरावांचा, कारखाना बंद पडला आणि वहिनींनी ठरवलं, केकच्या ऑर्डरी घ्यायच्या. घर आता त्यावरच चालणार होतं. तेव्हापासून बसलेल्या केकवर कुणी हसेनासं झालं.

वसंतरावांना घरी बसवत नव्हतं. मदत म्हणून त्यांनी वहिनींच्या सगळ्या कृतींचे आकडे बदलून दिले. माझंच सूत्र! फक्त त्यातली एक कृती आधीच सेल्सिअसमध्ये होती. एकशेऐंशीतून त्यांनी बत्तीस वजा केले, गुणले, भागले. आले ब्याऐंशी.

दोन तासांनी वहिनींचा फोन. आवाज रडवेला. "भावोजी, हा केक आजारी आहे हो! अंगात कणकण आहे, पण काही केल्या अंग धरत नाही!"

मागून वसंतराव म्हणत होते, "इतकी वर्षं कारखान्यात भट्टी सांभाळली मी!"

"ती लोखंडाची होती," वहिनी म्हणाल्या. "ही माझी आहे. हात लावू नका!"

*

आकडा बरोबर आला तरी फरीदाबादची वीज स्वतःचीच मालकीण. संध्याकाळी घरोघर कूलर सुरू झाले की दिवा पिवळा पडायचा. बटण एकशेऐंशीवर, आत किती आहे देव जाणे! एकदा ऑर्डरचा केक आत असताना व्होल्टेज पडलं. वहिनी धावत शेजारच्या भाटिया आंटींकडे.

"बहनजी, आधा घंटा कूलर बंद कर दीजिए ना, मेरा केक उठ रहा है!"

"अरे, तेरा केक उठ रहा है और इधर गर्मी से मेरे भाटिया साब गिर रहे हैं!"

पण कूलर बंद केला बिचारीनं. अर्ध्या तासानं भिंतीवरून डोकावून विचारलं, "बड़ी ख़ुशबू आ रही है, क्या बन रहा है?" वहिनींनी ओव्हन उघडला. केक अगदी झालेला!

*

मग गुडगावहून निरोप आला. नव्या उंच इमारतीतल्या एक मिसेस चोप्रा. नमुन्याचा केक आवडला तर दर आठवड्याची ऑर्डर. मी गाडी चालवत होतो, वहिनी मांडीवर डबा धरून, वसंतराव मागे, आकड्यांचा कागद खिशात घालून. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला वहिनी डबा अधांतरी उचलून धरत होत्या.

मिसेस चोप्रांनी एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. मग आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन परदेशी ओव्हन दाखवला, कपाटाएवढा.

"ये तो मैं घर पर ही बना लूँगी. बस टेंपरेचर बता दीजिए. एग्ज़ैक्ट!"

सांगावं तर ऑर्डर गेली. न सांगावं तर बाई नाराज. वसंतरावांचा भोळा हात आकड्यांच्या कागदासाठी खिशाकडे निघाला. वहिनींनी तो वरच्यावर धरला.

"टेंपरेचर पर भरोसा मत कीजिए जी," वहिनी म्हणाल्या. "जब पड़ोसन आकर पूछे, क्या बन रहा है, तब बंद कर दीजिए."

मिसेस चोप्रांनी बंद दारांच्या लांबलचक पॅसेजकडे पाहिलं. "पर हमारे यहाँ तो अभी पड़ोस में कोई रहने ही नहीं आया. पूरी मंज़िल ख़ाली है!"

"अच्छा?" वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. "तो फिर शनिवार को भेजूँ या इतवार को?"