पिवळ्या रेषेमागचा आर्नफिन

ट्रॉनहाइमच्या विद्यापीठात दर ऑगस्टला वीस-एकवीस वर्षांची दहा-बारा मुलं येतात आणि समुद्राचा शोध आपणच लावला अशा थाटात वर्कशॉपचं दार ढकलतात. आर्नफिन शेल्विकनं असे एकोणतीस ऑगस्ट पाहिले. जहाजदुरुस्तीची गोदी बंद पडली तेव्हा तो चौतीस वर्षांचा फिटर होता. विद्यापीठानं त्याला वर्कशॉपमध्ये घेतलं, आणि तेव्हापासून स्पर्धेसाठी पोरांनी बनवलेला एकही रोबो त्याचा हात लागल्याशिवाय पाण्यात उतरला नाही. पोस्टरवर मात्र त्याचं नाव कधी आलं नाही. तिथं पोरं असतात, प्राध्यापक असतात, पैसे देणाऱ्या कंपन्या असतात. "मी कशाला हवा फोटोत? माझं पोटच अर्धा फोटो खाईल," असं तो हसून म्हणायचा. पण त्याला ते लागायचं.

त्याची एक शिकवण दरवर्षीच्या टीमला मिळायची. रोबोचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स एका पांढऱ्या नळकांड्यात असतं. झाकण लावलं की झाकणातलं छोटं पितळी बूच काढायचं, त्या भोकाला हातपंप जोडून आतली हवा ओढायची आणि दहा मिनिटं पंपावरच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही, तर पाणीही आत शिरणार नाही. मग पंप काढून बूच परत पिळायचं. गंमत अशी की काटा स्थिर राहिला की सगळे इतके खूश होतात की बूचच राहून जातं. तपासणीचा कंटाळा करणाऱ्याकडून ही चूक होतच नाही, कारण त्याचं बूच जागचं हलत नाही. ती होते काळजी घेणाऱ्यांकडून. म्हणून आर्नफिन झाकण लावणाऱ्याला सांगायचा, "बूच दातात धर. तोंडाला पितळेची चव आहे तोवर काम संपलं नाही असं समज."

त्या वर्षीचा कॅप्टन होता ब्रागे. हुशार, गोड बोलणारा, केस कायम नीट बसवलेले. त्याला हे दातातलं बूच बघवेना.

"आर्नफिन, कंपनीची माणसं फोटो काढतात. आपण काय कॉड मासे पकडायला निघालोय?"

त्यानं टॅबलेटवर छप्पन्न ओळींची यादी केली आणि ती आर्नफिनपुढे धरली. "तुमची यादी, तुम्हीच बघा," म्हणून आर्नफिननं ती वाचलीच नाही. बुचाची ओळ त्या यादीत नव्हती.

टीममध्ये तिरिल नावाची मुलगी होती, स्म्योला बेटावरची. बोलायची कमी, पण प्रत्येक गोष्टीला "हे असंच का?" विचारायची. रोबोच्या आतलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स तिनं एकटीनं हिवाळाभर बसून जुळवलं. शुक्रवारी वर्कशॉपमध्ये वाफल भाजले की बाकीचे आपापला घेऊन पळायचे. ती आर्नफिनच्या बाकावर बसून खायची आणि त्याला गोदीतल्या गोष्टी विचारायची. आर्नफिनला मूलबाळ नव्हतं. त्या पोरीवर त्याचा जीव जडला होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, तिला तर नाहीच.

जूनमध्ये हाउगेसुनच्या धक्क्यावर स्पर्धा होती. तिथला नियम असा की फेरी सुरू झाली की विद्यार्थी सोडून बाकी सगळ्यांनी पिवळ्या रेषेमागे उभं राहायचं. हात लावायचा नाही, एक शब्द बोलायचा नाही. बोलला तर त्या फेरीचे गुण शून्य. फेऱ्या तीन होत्या.

पहिल्या फेरीआधी आर्नफिननं सवयीनं झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला. परीक्षक उभे होते, शेजारच्या दोन टीम उभ्या होत्या. ब्रागे मोठ्यानं म्हणाला, "आर्नफिन, हात काढ. स्पर्धा विद्यार्थ्यांची आहे. तू रेषेमागे जा आणि कॉफी पी कसा."

दोघं-तिघं हसले. तिरिलनं मान खाली घातली. आर्नफिन रेषेमागे गेला. त्याचे कान तापले होते.

फेरी सुरू झाली. तिरिलनं झाकण लावलं, पंप जोडला. काटा दहा मिनिटं तसूभर हलला नाही. टाळ्या झाल्या. तिनं पंप काढला. ब्रागे यादी वाचत होता. "झाकण बंद?"

"बंद," ती म्हणाली, आणि सही केली.

बूच निळ्या टॉवेलवर पडलं होतं. आर्नफिनपासून तीन पावलांवर, लख्ख उन्हात.

एक शब्द पुरे होता. फार तर एक फेरी गेली असती, दोन उरल्या असत्या. हा हिशेब त्याला कळत नव्हता असं नाही. त्यानं तोंड उघडलंही. मग मनात आलं, कॉफी पी म्हणाला ना? पितो. त्यानं हातातला कॉफीचा कप तोंडाला लावला. रोबो दोरीनं पाण्यात खाली गेला.

चार मिनिटांत रोबोच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा पडदा काळा झाला. वर ओढला तेव्हा नळकांड्यातून खारं पाणी नुसतं धो धो वाहत होतं, आणि त्या पाण्यात तिरिलचा अख्खा हिवाळा होता. ती वळली, तिला टॉवेल दिसला. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं बूच उचललं आणि मुठीत धरून उभी राहिली.

"झाकण कोणी लावलं?" ब्रागेनं विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

एक परीक्षक मुद्दाम येऊन आर्नफिनचा हात हलवून गेला. "दरवर्षी कोणी ना कोणी तोंड घालतंच. तू नियम पाळलास. मानलं बुवा."

परतीच्या वाटेवर फेरीबोटीत सगळे आत पिझ्झा खात होते. आर्नफिन बाहेर डेकवरच्या बाकावर बसला होता. तिरिल येऊन समोर उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"आर्नफिन, एकच सांग. तू समोरच होतास. तुला ते बूच दिसलं होतं?"

खरं सांगायला त्याला पुरेपूर वेळ मिळाला. ती वाट बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "ऊन डोळ्यावर होतं."

तिनं मोठा श्वास सोडला. "वाटलंच मला. आत सगळे म्हणतायत, म्हाताऱ्यानं रागानं मुद्दाम बुडू दिला. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, तुम्हाला आर्नफिन कळलाच नाही. त्याला दिसलं असतं तर तो पाण्यात उडी मारून आला असता."

आर्नफिननं मान डोलावली. आणि ती त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, बोट धक्क्याला लागेपर्यंत बसून राहिली.