बिनपावाचा बर्गर आणि आमचे दाजी

जगातले सगळे थर्मामीटर उद्या एकदम फुटले तरी जालन्याचं काही अडणार नाही, कारण जालन्यात आमचे दाजी आहेत. दाजी म्हणजे माझे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि मी शाळेत शिकवतो म्हणून ते मला सर म्हणतात. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये ते तीस वर्षं भट्टीवर आहेत. भट्टीत तापलेलं लोखंड बाहेर कधी काढायचं, हे ते नुसत्या रंगावरून सांगतात. जरा आधी काढलं तर सळई नीट ओढली जात नाही, जरा उशीर झाला तर माल जळतो. मालकानं उष्णता दाखवणारं मशीन भिंतीवर लावलं आहे, पण दाजी त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. उलट मशीन बराबर चालतंय की नाही हे लोक दाजींना विचारून ठरवतात, असं दाजी सांगतात.

भट्टीची ही सवय ते मिलच्या गेटवर ठेवून येत नाहीत. चहाचा कप समोर आला की आधी तो खिडकीच्या उजेडात धरतात आणि अजून दोन उकळ्या हव्यात असं सांगून परत पाठवतात. मग तो कप पाहुणा म्हणून आलेल्या दुसऱ्या कुणाचा असला तरी. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा मी थर्मामीटर शोधत घरभर फिरत होतो. दाजींनी तिच्या कानाची पाळी बघून एकशे एक सांगून टाकला, आणि थर्मामीटर सापडल्यावर त्यातही एकशे एकच निघाला. त्यानंतर तो थर्मामीटर पुन्हा हरवला, पण कुणी शोधला नाही. पुतणीच्या लग्नात हे गृहस्थ मांडव सोडून आचाऱ्याच्या कढईपाशी जाऊन उभे राहिले आणि जिलबी तळली जात असताना "काढा" असं इतक्या अधिकारानं म्हणाले, की आचाऱ्यानं घाबरून अख्खा घाणा उपसला. जिलबी फक्कड झाली होती, त्यामुळे बिचाऱ्याला भांडताही येईना. आम्हा दोघांच्या सासूबाई एकच, आणि त्यांचा राग अख्ख्या अंबडात प्रसिद्ध. सासुरवाडीला गेलो की दाजी आधी आत डोकावून येत आणि मला अंगणातच अडवत, "आता नका जाऊ, अजून लाल हायेत." माझ्या संसारातली निम्मी शांतता दाजींच्या डोळ्यांनी कमावलेली आहे, हे मी कुणापुढेही कबूल करीन.

अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर बर्गरचं वेड लागावं, हे कुणाला खरं वाटणार नाही. त्यांची लेक पुण्यात नोकरीला आहे. तिनं एकदा वडिलांना तिथं नेऊन बर्गर खाऊ घातला आणि दाजी परत आले ते बर्गरचे होऊन. दोन पावांच्या आत सगळं बंद, त्यामुळे कामाचे हात कसेही असले तरी खाता येतं, हा त्यांना त्यातला मोठा गुण वाटला. पुढे मिलच्या रस्त्यावरच एक गाडा लागला आणि दाजींची सोयच झाली. ते बर्गर हातात घेत, वरचा पाव उचलून आतली टिक्की तपासत, पसंत पडली तर घरून आणलेला ठेचा तिला फासत आणि पाव पुन्हा मिटत. नापसंत पडली तर गाडेवाल्याला तव्यावर कसं उभं राहायचं ते शिकवत. गाडेवाल्यानं एकदा चिडून उलथनंच त्यांच्या हातात दिलं, तर यांनी पुढच्या सहा गिऱ्हाइकांचे बर्गर करून दिले आणि स्वतःच्या पाळीला उशिरा पोचले.

मग दाजींना शुगर निघाली. त्यांनी आधी ती मानलीच नाही. शुगरवाल्याच्या तोंडाचा रंग असा असतो का, असं त्यांनी डॉक्टरलाच विचारलं. पण पाठोपाठ डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, आणि तिथं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही उरलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं की साखर खाली आल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. मिलच्या मॅनेजरनं सांगितलं की दोन महिन्यांत डोळे करून घ्या, नाहीतर भट्टीवरून काढून गेटवर बसवावं लागेल. गेटवर बसणं म्हणजे आल्यागेल्याच्या गाडीचा नंबर वहीत लिहिणं. दाजी हे सांगताना हसले, पण अक्का हसली नाही, आणि मलाही हसू आलं नाही.

लेकीनं पुण्याहून तोड काढली. पाव सोडायचा, बर्गर सोडायचा नाही. तिनं व्हिडिओ पाठवला आणि अक्कानं तो इतक्या वेळा बघितला की तिला तो पाठ झाला. वाडग्यात बारीक चिरलेला कोबी, काकडी, गाजर, टोमॅटो, लिंबात मुरवलेला कांदा. त्यावर चिकनच्या खिम्याची गरम टिक्की. आणि वरून चक्क्यात लसूण आणि मोहरी वाटून केलेली पांढरी चटणी. पहिल्या रविवारी दाजींनी आम्हाला मुद्दाम बोलावलं. कोबी चिरायचा अक्कानं, तवा मात्र दाजींचा, अशी वाटणी झाली. दाजी भट्टीसमोर उभे राहावेत तसे गॅससमोर उभे राहिले, पाय फाकवून, एक हात कमरेवर.

टिक्की टाकली. चांगला वास सुटला. अक्कानं वाडगे मांडले. मी दारात उभा राहून बघत होतो. टिक्कीची कड लालसर झाली, मग तपकिरी झाली. आता काढतील असं वाटलं, तर दाजी म्हणाले, अजून. धूर निघाला. दाजी वाकून बघत होते, नाक तव्याला लागेल इतके वाकून, आणि म्हणत होते, अजून थोडी. मी अक्काकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं. शेवटी दाजी "बराबर, काढा" म्हणाले तेव्हा टिक्की काळीठिक्कर झाली होती. अक्कानं ती उचलली, आडोशाला नेऊन सुरीनं खरवडली आणि वाडग्यात ठेवली. दाजींनी पहिला घास घेतला आणि आपली नजर कशी अचूक आहे ते माझ्या बायकोला समजावून सांगू लागले.

हात धुवायला बाहेर गेलो तेव्हा मी त्यांना हळूच विचारलं, की मग मिलमध्ये कसं करता. ते बराच वेळ नळाखाली हात धरून राहिले. मग म्हणाले, "आता गालानं वळखतो, सर. झळ कशी लागून राह्यली त्याच्यावरून. अक्कापाशी बोलू नका." मिलमध्ये रोलमधून सुटलेली लाल सळई कधी चुकून बाजूला उडते, आणि समोरच्याला पळायलाही वेळ मिळत नाही. हे मला दाजींनीच कधीतरी सांगितलं होतं. त्या दिवसापासून मिलची पाळी सुटायच्या वेळेला माझं लक्ष फोनकडे लागू लागलं.

पण माणूस जिद्दीचा. दाजी रोज संध्याकाळी बिनपावाचा बर्गर खाऊ लागले. तवाही आता अक्काच सांभाळायची. रस्त्यावरचा गाडा दिसला की ते मोटारसायकलवर मागे बसून, चालवणाऱ्या सोबत्याच्या पाठीला तोंड लावून घेत. आणि खाऊन झालं की पाय मोकळे करायला म्हणून दोन गल्ल्या ओलांडून आमच्याकडे येत. आम्ही जेवायला बसलेले असू. आमच्याकडे जेवणाच्या वेळेला आलेल्या माणसाला बस म्हणायचं असतं, तो बसला की त्याच्यासमोर ताट ठेवायचं असतं, आणि ताटात भाकरी असते. दाजी म्हणत की खाणं झालंय, पण जेवण न्हाई झालं. यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते. भाकरी मोडली नाही म्हणजे माणूस जेवलेला नाही, हे आमच्या रक्तातच आहे. वाडग्यातला पाला म्हणजे आमच्या लेखी नाश्ता. शिवाय ज्वारी शुगरला चांगली असं सगळेच म्हणतात. कोरभर म्हणून सुरू झालेलं दोन भाकरींवर गेलं, आणि माझी बायको ती दाजींसाठी मायेनं तव्यावरून गरम वाढत राहिली.

महिन्यानं रक्त तपासलं तर साखर होती त्याच्याहून वर. डॉक्टरनं पुढची तारीख दिली आणि अक्कालाच फैलावर घेतलं. मी भेटायला गेलो तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती. आधी तिनं वाडग्यातून गाजर काढलं होतं, मग टोमॅटो काढला होता, आता चक्क्याचं काय करावं हे तिला समजत नव्हतं. ती म्हणाली, "भाकरीचा तुकडा दावत न्हाई मी त्यांना. तरी माझ्याच हातानं काय चुकून राह्यलं, सांगा." आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मला तिच्याकडे बघवलं नाही. मी तिला काही सांगितलंही नाही. नुसता उठलो आणि घरी येऊन बायकोला सांगितलं.

त्या संध्याकाळी दाजी आले, नेहमीसारखे खाकरत आले आणि नेहमीच्या जागेवर बसले. मी बसा म्हटलं नव्हतं. बायकोनं त्यांच्यासमोर ताट ठेवलं नाही, आमचीही ताटं वाढली नाहीत. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तव्यावर भाकरी होती, तिचा वास सगळ्या घरात होता. दाजींनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग विचारलं की आज अजून पीठच मळायचंय का. मी म्हणालो, तुम्ही जेवून आलात, दाजी. ते म्हणाले, ते काही जेवण न्हाई. मी म्हणालो, तेच जेवण आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून चूक केली, आता या घरात तुम्हाला भाकरी मिळणार नाही. दारात आलेल्या माणसाला भाकरी नाही म्हणायची वेळ माझ्यावर तोवर आली नव्हती. माझा आवाज मलाच परका वाटला.

दाजींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. किती तरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सर, तुमचं तोंड दिसून न्हाई राह्यलं मला. रागात बोलून राह्यले का?"

"नाही दाजी," मी म्हणालो. "भीतीनं बोलतोय."

दाजींनी पाणी मागून घेतलं, प्यायले, आणि भिंतीला हात लावत लावत चपला शोधून निघून गेले. पंधरा-वीस दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. बायको रोज भाकरी टाकताना रडायची. मी मिलकडून येणाऱ्या ओळखीच्या माणसांना दाजी बरे आहेत ना एवढंच विचारायचो. इकडे मॅनेजरची मुदत सरत चालली होती. मग एका दुपारी अक्काचा फोन आला. साखर उतरली होती. डॉक्टर मंगळवारी पहिला डोळा करणार होते.

दोन्ही डोळे झाले. दाजी भट्टीवर परत गेले. पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हाला पुन्हा बर्गर खायला बोलावलं, आणि टिक्की त्यांनी स्वतः केली, दोन्ही अंगांनी सारखी तांबूस, एक कड काळी नाही. ते आनंदात वाडगे वाटत होते. अक्काच्या हातात वाडगा देताना मात्र थबकले. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं की तू एवढी कधी वाळली. अक्का म्हणाली, काही नाही, उन्हाचं आहे. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं की दोन-अडीच महिने तीही रात्रीचं तेच वाडग्यातलं खात होती. "तुम्हाला न्हाई, अन् तुमच्यासमोर मी कशी भाकर मोडू?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. मग एकेका शब्दावर अडखळत त्यांनी तिला आमच्या घरच्या भाकरींचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं अक्का रडेल, निदान बोलेल तरी. ती नुसती वाडग्यातला कोबी हलवत राहिली.

दाजींनी माझ्या बायकोला भाकरी टाकायला सांगितलं. भाकरी आली, अक्काच्या ताटात पडली, पण ती हात लावेना. त्यांच्यासमोर नको, एवढंच म्हणाली. तेव्हा दाजींनी आपला वाडगा उचलला, पाट फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"खा आता," ते म्हणाले. "मी बघून न्हाई राह्यलो."

अक्का थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिली आणि मग तिनं भाकरी मोडली. त्याचा आवाज झाला तसे दाजींचे खांदे जरा खाली आले, आणि आम्ही सगळे जेवायला लागलो.